वाघाची पाळी, बकरीची पाळी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ९

आजच्या श्लोकात भगवंत एक यादीच देतात. हितचिंतक, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, नकोसा वाटणारा, नातलग, सज्जन आणि अगदी पापीसुद्धा. या सगळ्यांकडे पाहताना ज्याची बुद्धी सम राहते तो श्रेष्ठ, असं ते सांगतात. आपण बहुतेक वेळा मित्र आणि शत्रू या दोन शब्दांवर थांबतो. आज मधल्या दोन शब्दांवर थांबू या. उदासीन आणि मध्यस्थ. दोघंही कुणाच्या बाजूचे नाहीत, मग दोन वेगळे शब्द कशाला?

आद्य शंकराचार्यांनी भाष्यात हा फरक थोडक्यात सांगितलाय. उदासीन म्हणजे कुणाचाच पक्ष न घेणारा. मध्यस्थ म्हणजे एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या दोघांचंही हित इच्छिणारा. आपण समत्व म्हणतो तेव्हा डोक्यात बहुधा पहिला माणूस असतो. "मला काय त्याचं, मी कुणाच्यात नाही." दुसरा माणूस व्हायला खूप जास्त कष्ट लागतात. आणि त्याचा सराव करायचा कसा, हे मला एका जुन्या खेळात बघायला मिळालं.

खेळाचं नाव वाघ-बकरी. (चहा आठवला असेल, तर घोट घ्या आणि पुढे वाचा!) गावोगाव पट वेगळा, नियमही थोडे वेगळे. तमिळनाडूत ३ वाघ आणि १५ बकऱ्या घेऊन खेळतात. नेपाळचा बाघचाल २५ घरांचा, त्यात ४ वाघ आणि २० बकऱ्या. आमच्या घरीही ४ आणि २० चा हिशोब होता. फरशीवर खडूने पट काढायचा, वाघ म्हणून चार खडे, बकऱ्या म्हणून चिंचोके. वाघ चार कोपऱ्यांत बसतात, बकऱ्या एकेक करून पटावर येतात. बकरीच्या पलीकडचं घर रिकामं असलं की वाघ उडी मारून तिला खातो. बकरी कुणालाच खाऊ शकत नाही. तिला एवढंच करता येतं की शेजारणीला धरून राहायचं, पाठीमागे रिकामी जागा ठेवायची नाही, आणि हळूहळू वाघाला हलायलाच जागा उरू द्यायची नाही.

म्हणजे हा बुद्धिबळासारखा दोन्हीकडे सारखं सैन्य असलेला खेळ नाही. एका बाजूला ताकद आहे, दुसऱ्या बाजूला फक्त संख्या आणि धीर.

आमचे आबा उदगीरकडच्या गावात राहायचे. आजी नेहमी बकऱ्या घ्यायची, आबा वाघ. आजी गेल्यावर समोर बसायला कुणी उरलं नाही, तेव्हा आबा एकटेच दोन्हीकडून खेळायला लागले. सुट्टीत नांदेडहून एसटीने गेले की मी ते बघत बसायचे. गंमत म्हणजे प्रत्येक चालीनंतर ते उठायचे आणि ओसरीत पटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे. गुडघे दुखायचे, तरी उठायचे. मी म्हटलं, "आबा, इथूनच हलवा की चिंचोका. कोण बघायलंय?"

"तितून वाघाचंच दिसतंय पोरी," ते म्हणाले. "बकरीची पाळी आली की बकरीच व्हायचं. वाघाच्या मनातलं तिला सांगायचं न्हाई, आन् तिला मुद्दाम येड्यावानी खेळवायचं बी न्हाई."

एकट्याने खेळणारा रोज या दोन मोहांत सापडतो. समोरच्याच्या मनात काय आहे ते त्याला माहीत असतं, कारण ते त्याचंच मन आहे. आणि एक बाजू आतून लाडकी असतेच. तिच्या पाळीला आपण दहा मिनिटं विचार करतो, दुसरीच्या पाळीला दहा सेकंद. पट फक्त देव बघतोय, म्हणून एकट्याचा डाव ही प्रामाणिकपणाची मोठी परीक्षा आहे.

पण एक शंका रास्त आहे. माणूस स्वतःलाच दोन भागांत तोडू लागला तर ते चांगलं का? स्टीफन झ्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाने बुद्धिबळावर एक छोटी कादंबरी लिहिली, ती १९४२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका माणसाला नाझींनी एकांतवासात ठेवलंय. चोरून मिळवलेल्या पुस्तकातले डाव संपल्यावर तो मनातल्या मनात स्वतःविरुद्धच खेळू लागतो. पांढऱ्यालाही जिंकायचंय, काळ्यालाही जिंकायचंय. दोघं एकमेकांवर चिडतात, आणि शेवटी त्याचं मनच कोसळतं. खेळ आबांसारखाच एकट्याचा, मग शेवट इतका वेगळा का?

मला वाटतं, त्या माणसाच्या आत दोन खेळाडू होते, पण दोघांच्या वर कुणीच उरलं नव्हतं. जिंकायची आग दोन्हीकडे, आणि पट बघणारा कुणी नाही. आपल्याकडे त्या बघणाऱ्याला साक्षी म्हणतात.

वेरूळला गेलात तर २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात बघा, शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. तत्त्व म्हणून दोघं एकच, तरी डाव रंगात आलेला. आणि ज्ञानेश्वर माउली 'अमृतानुभवा'च्या नवव्या प्रकरणात डोंगराचा दृष्टांत देतात : एकाच डोंगरात देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरता येतो, तसंच देव आणि भक्त हे दोघं एकाच वस्तूतून घडू शकतात. वेगळेपण दिसतं, व्यवहार होतो, भक्ती होते, पण खालचा दगड अखंड. आबांच्या डावातही वाघ आणि बकरी वेगळे राहायचे, भांडायचे, हरायचे. खालचा माणूस मात्र अखंड राहायचा, कारण कुणीही जिंकलं तरी त्याचं काही जात नव्हतं, आणि कुणीही हरलं तरी त्याला वाईट वाटायचं.

आता आपल्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे वाघ-बकरी खेळतो? रोज खेळतो हो! रात्री साडेअकराला अंथरुणावर पडून रूममेटशी, बॉसशी, आईशी मनात जे भांडण चालतं, ते दुसरं काय आहे? आपण असं म्हणणार, मग ती तसं म्हणणार, मग आपण असं सुनावणार. दोन्हीकडचे संवाद आपलेच. आणि मंडळी, हा डाव आपण आजवर कधी हरलोय का? समोरच्याला आपण नेहमी सगळ्यात कच्ची चाल देतो. सकाळी उठेपर्यंत तो दोषी ठरलेला असतो, आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

इथे आबांचा नियम लावून बघा. त्याच्या पाळीला खरंच त्याच्या जागेवर जाऊन बसा. त्याच्याकडे आत्ता जे आहे, त्यातून त्याची सगळ्यात चांगली चाल कोणती? त्याचं सगळ्यात खरं म्हणणं काय असेल? आणि तो वाघ आहे की बकरी? घरातल्या कमावत्या माणसाचं रागावणं आणि आईचं गप्प बसणं, दोन्ही एकाच तराजूत टाकून "दोघंही तितकेच चुकले" म्हणणं सोपं आहे. तो उदासीनाचा न्याय झाला. ज्याच्या हातात उडी मारायची ताकदच नाही, त्याच्या बाजूने विचार करायला मध्यस्थाला जास्त वेळ द्यावा लागतो.

तरीही हा सराव इथे संपत नाही. पटावरची बकरी चिंचोका आहे, समोरचा माणूस चिंचोका नाही. आपण कितीही प्रामाणिकपणे त्याच्या जागी बसलो, तरी तिथे बसलेले आपणच असतो.

आबांना हे माहीत होतं असं मला वाटतं, ते एका प्रसंगावरून. शेताची वाटणी करायची वेळ आली. माझे बाबा थोरले, नोकरीमुळे नांदेडला. काका धाकटे, गावात राहून शेत करणारे. काळ्या जमिनीचा तुकडा लहान, पण विहीर त्यात. माळाचा तुकडा मोठा, पण मुरमाड. सगळ्यांना वाटलं, आबा निकाल देतील. दोन्हीकडून खेळायची त्यांच्याएवढी सवय कुणाला? त्यांनी निकाल दिलाच नाही. जुनी रीत लावली : थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं.

बाबा चार रात्री कागदावर रेघोट्या मारत होते. रीतच अशी आहे की वाटे पाडणाऱ्याला भावाच्या डोळ्यांनी शेत बघावंच लागतं, नाहीतर फसतो तोच. आणि तरी शेवटचा शब्द भावाचा. बाबांनी माळाच्या वाट्यात जास्तीची जमीन घातली, त्यांच्या हिशोबाने दोन्ही पारडी सारखी झाली. काकांनी क्षणभरही न थांबता विहीर उचलली. बाबा त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत. आईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "वाटे मीच पाडलेत. तक्रार कुणाकडं करू?"

त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी बघितलंय. समबुद्धी म्हणजे वाईट न वाटणं, असं मला म्हणूनच वाटत नाही. त्या माळावर आज बाबांची तूर आहे, आणि उन्हाळ्यात तिथे लागणारं पाणी काकांच्या विहिरीतून येतं. कुणी ठरवून दिलेलं नाही. आबांनी निकाल दिला असता, तर दोघांपैकी एक भाऊ आयुष्यभर म्हणत राहिला असता की माझ्यावर अन्याय झाला. त्यांनी दोन्ही मुलांचं हित इच्छिलं, आणि दोघांच्याही वतीने स्वतः चाल केली नाही.

तर आजचा अभ्यास छोटासा. ज्याच्याशी मनात भांडण चाललंय असा एकच माणूस निवडा. त्याच्या जागी बसून त्याची उत्तम चाल शोधा, मनापासून, दहा सेकंदांत नाही. मग मोबाईल उचला आणि त्यालाच विचारा, "तुझं काय म्हणणं आहे?" तुम्ही शोधलेल्या चालीपेक्षा त्याचं उत्तर वेगळं निघेल, बहुतेक वेळा निघतंच. ते ऐकून घ्या.

उद्या याच अध्यायातला दहावा श्लोक घेऊ. त्यात एकांताबद्दल सांगितलंय.

रामकृष्ण हरी 🙏