शिळ्या भाकरीचा दुसरा दिवस

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात. पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, गेली असेल तर कढत पाण्यात मळतात. याच कारणाने ती शिळीही पोळीपेक्षा वेगळ्या रीतीने होते. तव्यावर पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. भाकरी निवली की तेच कण पुन्हा एकमेकांना घट्ट धरू लागतात आणि प्यालेले पाणी सोडून देतात. दुपारी भाकरी वातड होते, रात्री कडक होते आणि दुसऱ्या सकाळी मोडली तर टचकन तुकडा पडतो. गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला हा बदल सर्वांत वेगाने होतो, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवलेली भाकरी दुरडीतल्या भाकरीपेक्षा लवकर दगड बनते. मात्र ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की घट्ट झालेला स्टार्च बऱ्याच अंशी पुन्हा सैल होतो. बीड जिल्ह्यातल्या चुलींवर शिळ्या भाकरीचे जे पदार्थ होतात, त्यांतले बहुतेक याच गोष्टीवर उभे आहेत. त्यामागचे रसायन कोणी सांगितले नव्हते, पण हाताला ते ठाऊक होते.

जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांपैकी गेवराई, माजलगाव आणि परळीला गोदावरीचा काठ आहे. उरलेला बराचसा मुलूख बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला, कोरडवाहू आणि पावसाच्या लहरीवर चालणारा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूला तर पाऊस हमखास हात आखडता घेतो. बाजरी खरिपाची आणि ज्वारी मुख्यतः रब्बीची, अशी धान्यांची वाटणी. अशा मुलखात स्वयंपाकाचे वेळापत्रक पोटापेक्षा सरपण, पाणी आणि शेतातले काम ठरवतात. पहाटे चूल पेटली की दिवसभराच्या भाकरी एकदमच भाजून घ्यायच्या आणि दुरडीत फडक्याखाली ठेवायच्या, ही जुनी रीत. म्हणून इथल्या शिळ्या अन्नाचा विचार करताना आधी एक भेद करावा लागतो. काही अन्न उरते आणि काही उरवले जाते. सकाळी दोन भाकरी जास्त थापणाऱ्या बाईचा अंदाज चुकलेला नसतो. उद्याची न्याहारी तिने आजच्याच जाळावर करून ठेवलेली असते.

उरवलेल्या भाकरीला पुढे तीन वाटा असतात. एक पाण्याची, एक तेलाची आणि एक ताकाची.

पाण्याची वाट म्हणजे तुकडे. शहरी पाककृतींच्या पुस्तकांत हा पदार्थ क्वचितच दिसतो, आणि ते पुस्तकांचेच नुकसान आहे. तेलात जिरे, ठेचलेला लसूण, तिखट आणि हळद पडते. त्यावर बेताचे पाणी, मीठ आणि शेंगदाण्याचे कूट. पाण्याला उकळी आली की हाताने मोडलेले भाकरीचे तुकडे त्यात सोडायचे. इथे सगळा खेळ वेळेचा आहे. भाकरी जितकी कडक तितकी बरी, कारण ताज्या भाकरीचा या पाण्यात लगदा होतो. वाळलेला तुकडा आमटी सावकाश पितो, बाहेरून मऊ पडतो आणि आत किंचित दाताखाली येतो. भाकरीतून सुटलेल्या पिठाने पाणी आपोआप दाट होते, त्याला वेगळे बेसन लावावे लागत नाही. ताटात पडतो तो शिळेपणा लपवलेला पदार्थ नसतो, शिळेपणावाचून जमणारच नाही असा पदार्थ असतो. उरलेल्या अन्नाच्या पाककलेला दुसरी कसोटी कशाला हवी?

मराठवाड्यात रस्साभाजीला ‘कोरड्यास’ म्हणतात. ओल्या पदार्थाचे नाव कोरडे, हे ऐकणाऱ्याला गमतीचे वाटते. पण शब्दातच खुलासा आहे: कोरड्याला लावून खायचे ते कोरड्यास. जेवणाचा पाया कोरडी भाकरी, बाकी सारे तिच्या तैनातीला. भाकरीचे तुकडे करताना फक्त क्रम उलटतो आणि भाकरीच कोरड्यासात उतरते.

तेलाची वाट म्हणजे कुस्करा. भाकरी किंवा पोळी हाताने बारीक कुस्करायची, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायची, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचे. पोळीचा कुस्करा सगळ्या महाराष्ट्रात होतो. मध्यमवर्गीय घरांनी त्याला ‘माणिकमोती’, ‘मनोहरा’ अशी लाडकी नावेही दिली आहेत. मुलांनी नाक मुरडू नये म्हणून केलेली ही युक्ती असावी. बीडकडच्या खेड्यांत नावाचा थाट नाही, पण भाकरीचा कुस्करा करताना पाण्याचा हबका जरा सढळ असतो, नाहीतर घास घशात अडकतो. फोडणीऐवजी हाच चुरा गूळ-तुपात मळला की मलिदा होतो. हा शब्द दर्ग्याच्या प्रसादापासून राजकारण्यांच्या टक्केवारीपर्यंत मराठीत सगळीकडे हिंडून आला आहे.

ताकाची वाट सर्वांत थोडक्या कष्टाची. भाकरी चुरून ताकात किंवा दुधात भिजवायची, मीठ घालायचे, सोबत कच्चा कांदा घ्यायचा. उन्हाळ्यात चूल न पेटवता जेवण होते. याला काला म्हणतात, आणि त्या शब्दाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

बाकीच्या पदार्थांची यादी लांब आहे, पण तत्त्वे मोजकी. रात्रीचे वरण उरले की सकाळी त्यातच पीठ मळून धपाटी लावतात, किंवा ते पातळ करून त्यात कणकेच्या चकोल्या शिजवतात. उरलेला भात जिरे-मिरची घालून कुस्करतात आणि त्याचे सांडगे उन्हात वाळवतात. मग तो महिनोन्‌महिने टिकतो. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचे निथळलेले पाणी म्हणजे येळवणी. ते टाकून दिले असते तर सणाच्या जेवणातली आमटीच गेली असती. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी तव्यावर तुपात खरपूस केली की पहिल्या दिवसापेक्षा सरस लागते, यावर फारसा वाद होत नाही. लोणी कढवल्यावर तळाशी राहणारी बेरी साखर घालून मुलांच्या हातावर पडते. यातूनही काही राहिले तर ते गुरांच्या आंबोणात जाते. कचऱ्यापर्यंत पोचण्याआधी अन्नाला इतक्या पायऱ्या उतराव्या लागत.

मराठी भाषेने या पायऱ्यांना वेगवेगळे शब्द दिले आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शिळे ते काळाने झालेले. हा शब्द ‘शीतल’पासून आला, म्हणजे मूळ अर्थ केवळ निवलेले. उष्टे ते तोंड लागलेले. खरकटे ते शिजल्या अन्नाचा स्पर्श झालेले. धर्मशास्त्राची या तिघांशी वागण्याची तऱ्हा निरनिराळी आहे. भगवद्गीतेचा सतरावा अध्याय रात्र उलटलेले अन्न तामसी माणसाच्या आवडीचे ठरवतो. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय मात्र पळवाट ठेवतो: स्निग्ध पदार्थ लागलेले अन्न शिळे असले तरी चालते, तसेच जवा-गव्हाचे आणि दुधाचे पदार्थही. तेलाची फोडणी आणि दुधातला काला या दोन्ही वाटा अशा रीतीने शास्त्रातही मोकळ्या राहिल्या. ज्वारीचे नाव त्यात नाही, पण ज्वारी पिकवणाऱ्यांनी परवानगी मागितली होती असेही नाही. दुसऱ्या बाजूला श्रावणातल्या कहाण्यांत शिळासप्तमीची कहाणी आहे. एरवी कमी लेखलेल्या शिळ्या अन्नाला वर्षातला एक दिवस मानाने मिळतो.

त्याहून मोठा मान काल्याला आहे. कृष्ण आणि त्याच्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवल्या, ही त्यामागची कथा. शिदोरी म्हणजे घरून सकाळी बांधून आणलेले, निवलेले अन्न. गोपाळांच्या काल्यात ताजे काही नव्हते. वारकरी सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि बीड जिल्ह्यात सप्ताह न होणारे गाव सापडणे कठीण. भगवानगडाचा नारळी सप्ताह तर गावोगाव फिरतो. अनेक ठिकाणी पंगतीसाठी घरोघरच्या भाकरी गोळा करतात. एकीची जाड, दुसरीची पातळ, कोणाची बाजरीची. एका ढिगात पडल्यावर ती कोणाच्या घरची हे विचारले जात नाही, निदान तसा संकेत आहे.

गावात भाकरी गोळा करण्याची आणखी एक रीत होती आणि तिथे कोणाच्या घरची हा प्रश्न कधीच सुटला नाही. बलुत्याच्या व्यवस्थेत महार आणि मांग कुटुंबांना गावकीच्या कामाच्या बदल्यात घरोघर फिरून भाकर-तुकडा मागावा लागे. मिळे ते बहुधा शिळे असे, आणि ते वरून टाकले जाई. उरवलेले आणि उरलेले यांच्या पलीकडचा हा तिसरा प्रकार: दुसऱ्याच्या घरी उरले म्हणून मिळालेले. मार्च १९२७ मधल्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, ते याच संदर्भात. आक्षेप भाकरीच्या वयाला नव्हता, ती ज्या हाताने आणि ज्या रीतीने मिळे त्याला होता.

मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याची तपशीलवार नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली आहे. टाकाऊ ठरवलेल्या गोष्टींतून चव कशी काढली गेली, मांस पट्ट्या कापून वाळवून त्याच्या चान्या कशा ठेवल्या जात, हे त्यात वाचायला मिळते. हे कौशल्य खरेच आहे. पण त्याला नुसती ‘सर्जनशीलता’ म्हणून टाळ्या वाजवणे म्हणजे ज्या रचनेने ते भाग पाडले तिला सोडून देणे. शेजारच्या दोन घरांत तुकड्यांना तीच फोडणी बसत असेल, पण भाकरी स्वतःच्या दुरडीतली की मागून आणलेली यावर त्या जेवणाचा अर्थ ठरत असे.

दुष्काळाने हा भेद काही काळ पुसट केला. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी यांवर भल्याभल्या घरांनी दिवस काढले. त्या पिढीच्या स्वयंपाकघरात पुढे भाकरीचा पापुद्राही वाया गेला नाही.

आता शिळ्याचा मजकूरच बदलत आहे. ज्वारीच्या रानात सोयाबीन आले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळू लागला, आणि जानेवारी २०२३ पासून तो मोफत आहे. त्यामुळे सकाळी दुरडीत भाकरीऐवजी पातेल्यात भात उरतो आणि न्याहारीला फोडणीचा भात होतो. इथे जुन्या सवयी धोक्याच्या ठरू शकतात. भाकरी कोरडी असल्याने उन्हाळ्यात नासण्याआधी वाळते. भात ओला असतो. त्यातल्या ‘बॅसिलस सेरिअस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, भात उबदार राहिला की उगवून वाढतात आणि त्यांचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला कोणतीही फोडणी वाचवू शकत नाही. भात पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर उरेल इतका शिजवूच नये. भाकरीचे शहाणपण भाताला जसेच्या तसे लागू होत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून. भारतीय घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. या सरासरीत पुण्या-मुंबईच्या सोसायट्या आणि पाटोद्याची वस्ती एकाच तागडीत तोलली जाते. शहरांत ‘उरलेल्यातून नवे’ अशा पाककृतींना सध्या बरे दिवस आहेत. भाकरीचे तुकडे तिथे चीज घालूनही होतात. त्यात वाईट काही नाही. फक्त अशा प्रत्येक पदार्थाला तेल, जाळ आणि अर्धा तास मोकळा वेळ लागतो, हे पाककृतीत लिहिलेले नसते.

दिवाळीच्या मागेपुढे बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, कोपीतला म्हणजे झोपडीतला संसार. बाई पहाटे तीन-चारला उठून दिवसभराच्या भाकरी थापते आणि फडक्यात बांधून फडावर नेते. तोडलेल्या उसाचे वाढेसुद्धा वाया जात नाही, चारा म्हणून ते विकले जाते. दुपारी उसाच्या सरीत गाठोडे सुटते तेव्हा भाकरी कडक झालेली असते. तिला फोडणी घालायला तिथे चूलही नसते आणि वेळही. ती ठेच्याबरोबर तशीच खाल्ली जाते.