टाळूवरचा हात

पाठ टेकून बसा. डोळे मिटा. उजवा तळवा सावकाश कपाळावर ठेवा. दाब नको, बाळाला ताप आहे का हे बघताना ठेवतो, तसा.

कातडीखाली कठीण लागतं, ती कवटी. हा शब्द आपण स्मशानाशी आणि विजेच्या खांबावरच्या धोक्याच्या पाटीशी जोडून टाकला, म्हणून तो ऐकला की अंग आक्रसतं. पण तुमच्या तळव्याखालचं हाड ओलं आहे. त्यात रक्त खेळतं आहे. त्याच्या दोन पातळ थरांच्या मधे जाळीदार पोकळ्या आहेत आणि तिथल्या मज्जेत या क्षणीही नव्या रक्तपेशी घडत आहेत. थोडा वेळ एवढंच मनात राहू द्या.

सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आपण मानत आलो. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवतो. त्या रात्री ते कपाळ एकसंध झालेलंच नसतं. जन्मतः कपाळाच्या हाडाच्या दोन फाका असतात. मधली शिवण मिटायला आणखी काही महिने लागतात. लिहायची पाटीच अजून जुळत असते.

आता हात वर सरकवा. तळव्याची टाच नाकाच्या मुळाशी ठेवली, तर मधलं बोट साधारण जिथे पोचतं, तिथे थांबा. ही टाळू. इथे घाई करू नका.

एकेकाळी या बोटाखाली हाड नव्हतं. नुसता चिवट पडदा होता आणि त्याच्याखाली तुमच्या नाडीचा ठोका दिसत होता. जन्माच्या अरुंद वाटेतून येताना कवटीची हाडं एकमेकांवर किंचित चढली, डोकं लांबुळकं झालं, आणि काही दिवसांत पुन्हा गोल झालं. मग मेंदू वाढू लागला. पहिल्या वर्षभरात तो दुपटीहून मोठा होतो. त्याला जागा देण्यासाठी या शिवणी सैल राहिल्या. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची बहुधा दीड वर्षाच्या सुमारास. आजी तेलात भिजवलेला कापूस ठेवून टाळू भरायची. तेलानं हाड भरत नाही, ते आपल्या वेळेनं भरतं. पण सगळ्यांत उघड्या जागी रोज कुणीतरी अलगद हात ठेवत होतं, हे मला तेलाहून मोठं वाटतं.

दोन्ही हात कानशिलांवर आणा. दात हलकेच आवळा, सोडा. बोटांखाली स्नायू फुगतो, ओसरतो. कवटीच्या 22 हाडांपैकी मोकळेपणानं हलतो तो फक्त खालचा जबडा. कानशिलाशी चार हाडं एकत्र येतात. तिथे कवटी पातळ आहे आणि आतून लगतच मोठी रक्तवाहिनी जाते. म्हणून इथे हात हलका ठेवा.

ओठ मिटून 'म्' असा सूर धरा. कानामागच्या उंचवट्यावर बोट ठेवलं तर कंप जाणवेल. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसा या हाडांतूनही. त्याच हाडाच्या आत, जेमतेम तीन मिलिमीटरची रिकीब आहे, शरीरातलं सर्वांत छोटं हाड. तोच सूर तीही आत पोचवते आहे.

आता जीभ वर लावा. हीसुद्धा टाळू, भाषेनं दोन्ही जागांना एकच नाव दिलं. हीदेखील दोन बाजूंनी वाढत येऊन मध्यभागी जुळली, आईच्या पोटात, तिसऱ्या महिन्याच्या आसपास. एखाद्या बाळाची जुळायची राहते. ती शस्त्रक्रियेनं जोडता येते.

शेवटी एक हात मानेच्या खळगीत न्या. तिथून वर, कवटीच्या तळाला, एक मोठं छिद्र आहे. मेंदूचा देठ त्यातून खाली उतरतो आणि मज्जारज्जू होऊन कण्यात शिरतो. काही श्वास तसेच जाऊ द्या.

हात खाली घ्या, डोळे उघडा. घरात तान्हं बाळ असेल तर आज त्याच्या टाळूवर बोटांची पेरं नुसती टेकवून बघा. बाळ शांत असताना ती खोल गेलेली किंवा फुगून ताणलेली वाटली, तर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.