धूर कोणत्या गाडीचा?

कॅलिफोर्नियात 1990 ची एक माझदा मियाटा आहे असं धरू. तिचं मूळचं 1.6 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन उतरवून मालकाने 2002 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटचं 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन बसवलं. तिकडे असे बदल हौसेने केले जातात. आता ही गाडी कोणती म्हणायची? कागदावर ती 1990 ची मियाटा. बॉनेट उघडलं की समोर 2002 ची कॉर्व्हेट. हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण त्या मालकाला याचं उत्तर सरकारने नेमलेल्या तपासनिसासमोर द्यावं लागतं. धुराची मर्यादा गाडीच्या वर्षावर ठरते आणि इथे एका गाडीत दोन वर्षं नांदताहेत.

प्रश्न आपल्याला नवा नाही. यवन राजा मिनँडर म्हणजेच ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला मिलिंद. सागल नगरीत, म्हणजे आजच्या सियालकोटमध्ये, भिक्षू नागसेनाने त्याला त्याच्याच रथावरून पेचात पकडलं होतं. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, लगाम? यातलं काहीच रथ नाही आणि हे सगळं वजा केल्यावर रथ म्हणून वेगळं काही उरतही नाही. ‘रथ’ हा व्यवहाराचा शब्द. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो. मात्र वस्त्रातला एक धागा काढला तरी आधीचं वस्त्र नष्ट होऊन दुसरं उत्पन्न होतं, हेही तेच सांगतात. त्या हिशेबाने इंजिन उतरवलं त्या क्षणी मियाटा संपली. जैन म्हणतील, द्रव्य टिकलं, पर्याय बदलला. तिन्ही मतं शतकानुशतकं तर्काने लढवली गेली आहेत आणि मियाटाच्या मालकाला त्यातलं सोयीचं निवडता येईल. जुन्या वर्षाची सैल मर्यादा हवी असेल तर तो जैन होईल.

मला मिलिंदपञ्हातला रथाचा दृष्टान्त इथे अपुरा वाटतो. त्याच ग्रंथातला दुसरा, कमी सांगितला जाणारा दृष्टान्त अधिक उपयोगी आहे. एक माणूस माडीवर दिवा लावून जेवतो. दिव्याने छपराचं गवत पेटतं, गवताने घर आणि घराने अख्खं गाव. गावकरी त्याला धरतात तेव्हा तो म्हणतो, मी ज्या उजेडात जेवलो ती आग वेगळी, गाव जाळलं ती वेगळी. तत्त्वज्ञान म्हणून त्याचं म्हणणं सहज खोडता येत नाही. दोन्ही ज्वाळा एकच होत्या असं खुद्द नागसेनही म्हणत नाही. तरीही निवाडा कुणाच्या बाजूने द्यावा याबद्दल राजाच्या मनात शंका उरत नाही. जबाबदारी ठरवायला ‘तीच’ वस्तू असावी लागत नाही. एकातून दुसरं निघालं एवढं पुरतं.

मोटारीच्या धुराचा इतिहास याच दृष्टान्तासारखा आहे. 1940 च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं पसरू लागलं, तेव्हा संशय कारखान्यांवर गेला. कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादावर काम करत होते. ते या प्रश्नाकडे वळले आणि त्यांनी दाखवून दिलं की धुरक्यातला त्रासदायक ओझोन कुठल्याच नळकांड्यातून बाहेर पडत नाही. न जळलेल्या पेट्रोलचे अंश आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की तो हवेतच तयार होतो. वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला त्या हवेत चिरा पडत आणि त्या चिरांवरून ओझोनचा अंदाज बांधता येई. म्हणजे सकाळी एका वस्तीतून गाडी गेली आणि दुपारी दुसऱ्या वस्तीतल्या मुलाची छाती भरली. गाडीचा मालक अगदी खरेपणाने म्हणू शकतो की मी ओझोन सोडलाच नाही. दिवा लावणाराही हेच म्हणत होता.

म्हणून कॅलिफोर्नियाचा इंजिनबदलाचा नियम मला कारकुनी कटकट वाटत नाही. तो विचारपूर्वक केलेला नियम आहे. त्यात गाडी ‘तीच’ की ‘दुसरी’ हा वादच नाही. बसवलेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आधीचं चालणार नाही. अवजड वाहनाचं इंजिन हलक्या गाडीत घालून मर्यादा सैल करता येणार नाही. इंजिन नवं असेल तर त्याच्याबरोबर त्याची धूर आवरणारी सगळी सामग्रीही यायला हवी : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, आणि 1996 चं किंवा त्यानंतरचं इंजिन असेल तर दोष पकडणारी संगणकप्रणाली व डॅशबोर्डवरचा तिचा दिवासुद्धा. म्हणजे ताकद 2002 ची आणि कर्तव्य 1990 चं, अशी फाळणी चालत नाही. इंजिन ज्या काळी बनलं त्या काळी जे शक्य आणि बंधनकारक होतं, ते त्या इंजिनामागे येतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा : शेवटी हवा स्वच्छ हवी ना? मग नळकांड्याला यंत्र लावा, धूर मोजा, आकडा मर्यादेत असेल तर सोडून द्या. आत कोणता भाग आहे याची उठाठेव कशाला? हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण एका क्षणाच्या मोजणीवर तो नको इतका विश्वास टाकतो. कोळशाच्या कणांनी भरलेला एक काळा डबा गाडीत असतो. उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोलची वाफ होते, ती हा डबा शोषून धरतो आणि इंजिन चालू झाल्यावर तिकडे जाळायला पाठवतो. इंजिन बदलताना हा डबा, त्याच्या नळ्या आणि झडप सर्वांत आधी अडगळीत जातात, कारण त्यांच्यावाचून गाडीचं काही अडत नाही. नळकांड्यातला आकडा उत्तम येईल आणि गाडी दारात उभी राहून उन्हात वाफ सोडत बसेल. मोजणीवरच भिस्त ठेवली तर काय होतं, हे फोक्सवागनने दाखवलं आहे. 2015 च्या सप्टेंबरात उघड झालं की त्या कंपनीच्या डिझेल गाड्यांमधली प्रणाली परीक्षा ओळखत होती. परीक्षेपुरती गाडी शुद्ध राही आणि रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जात. बौद्धांनी शील म्हटलं ते एखाद्या सत्कृत्याला नव्हे, अंगी बाणलेल्या वळणाला. गाडीचं शील तिच्या सामग्रीत आहे, म्हणून तपासणीने आकड्याबरोबर तिच्याकडेही बघायला हवं.

ज्याचं इंजिन निकामी झालं आणि नवी गाडी घेणं परवडत नाही, त्याच्यावर हा अन्याय नाही का? नाही. त्याच वर्षाचं, त्याच जातीचं इंजिन त्याला बसवता येतं. आजच्या मापाचं इंजिन त्याच्याकडे कुणी मागत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला काही अंशी हार मानावी लागते. 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात धूर-तपासणीतून सूट आहे. इतरांच्या श्वासाबद्दलचं कर्तव्य खरं असेल तर ते 1974 च्या गाडीला का नाही? जो जुनी गाडी जशीच्या तशी चालवतो, त्याच्यासाठी ही सूट मला पटते. नंतर आलेल्या नियमाने आधीच्या कृतीला दोषी ठरवू नये, हा न्यायाचा जुना संकेत आहे. पण इंजिन बदलणं ही आजची कृती आहे. ती करणाऱ्याला आज काय ठाऊक आहे ते हागेन-स्मिटनंतरचं आहे. त्याने जुन्या वर्षाच्या आडोशाला उभं राहणं मला मान्य नाही, आणि इथे तो नियम आपल्याच तत्त्वाला कमी पडतो. भारताच्या 2021 च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांनी हा एक मुद्दा नेमका धरला आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल तरच व्हिंटेज. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केला की तो मान गेला.

बाकी आपल्याकडे या बाबतीत अजून बरंच करायचं आहे. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, तसं आरसीवर इंजिन क्रमांक नोंदवलेलाच असतो. पण पीयूसीच्या तपासणीत पेट्रोल गाडीच्या नळकांड्यात नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत आणि कोळशाचा डबा जागेवर आहे का हे कुणी बॉनेट उघडून पाहत नाही. ते पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर गॅरेजमध्ये इंजिन उतरवायला सांगणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावं : जुन्या इंजिनाबरोबर काय काय निघालं आणि नव्याबरोबर काय काय बसलं, हे मेकॅनिकजवळ उभं राहून एकेक करून विचारावं, आणि तो काळा डबा परत लावून घ्यावा.