नावावाचून

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सणाची तयारी चालू असताना सत्कारमूर्तींची यादी करण्याचे काम आम्हा चौघांकडे आले होते. शिक्षणात, शेतीत, समाजकार्यात ज्यांनी काही करून दाखवले, त्यांची नावे भराभर सुचली. त्यातच एकाने असे नाव घेतले की सर्वांनी माना डोलावल्या. हा गृहस्थ एके काळी दारूपायी धुळीला मिळालेला. आता अकरा वर्षे त्याने थेंबालाही स्पर्श केला नव्हता. शाळेच्या एका खोलीत दर बुधवारी सायंकाळी व्यसनाधीनांची बैठक भरते, ती त्याच्याच खटपटीने सुरू झाली होती. शाल, श्रीफळ, स्मरणिकेत छायाचित्रासह परिचय, असा बेत ठरला. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, सारे ऐकून घेतले आणि नम्रपणे पण निक्षून नकार दिला.

“मला ह्यातून वगळा,” तो म्हणाला. “उद्या मी पुन्हा प्यालो, तर लोक म्हणतील, बुधवारचे ते सारे खोटेच. आणि नाही प्यालो, तर मलाच वाटू लागेल की हे मी केले.”

आम्ही दुखावलो, हे लपवण्यात अर्थ नाही. मान देऊ केला असता तो नाकारणे हाही एक अहंकारच नव्हे काय, असे परतताना आमच्यापैकी एकाने बोलूनही दाखवले. परंतु त्या नकाराने आमच्या मनात जो प्रश्न पेरला तो काही केल्या जाईना. वाईटाला आवर घालावा हे आपण लहानपणापासून शिकतो. चांगल्यालाही आवर घालावा लागतो काय?

तो गृहस्थ ज्या बंधुतेचा सभासद आहे, त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा इतिहास चाळला तेव्हा हा प्रश्न तिथे जुनाच आहे असे आढळले. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन ह्या गावी बिल विल्सन हा शेअरबाजारात बुडालेला दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन मद्यासक्त एकमेकांना भेटले. आपण दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत राहिलो तर आपले पिणे थांबते, एवढाच त्यांचा शोध. १९३९ साली निघालेल्या पुस्तकात त्यांनी बारा पायऱ्या मांडल्या. त्या व्यक्तीसाठी आहेत. बारा परंपरा मात्र समूहासाठी आहेत. त्या १९४६ साली प्रथम छापल्या गेल्या आणि १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. मधल्या वर्षांत जे घडले, त्यातून ह्या परंपरा जन्मल्या. कुणा तत्त्वज्ञाने त्या बसून रचलेल्या नाहीत. प्रत्येकीच्या मागे एखादी फजिती आहे.

पैशाचेच पाहा. आरंभी संस्थापकांची स्वप्ने मोठी होती: स्वतःची रुग्णालये, पगारी प्रचारक, ठिकठिकाणी पुस्तके. धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्यापर्यंत त्यांनी हात पोहोचवला. त्यांनी १९३८ साली पाच हजार डॉलर दिले, पण अधिक पैसा ह्या कार्याचा नाश करील असे बजावले. १९४० साली त्यांनी न्यूयॉर्कच्या बड्या मंडळींसाठी भोजन ठेवले. आता तिजोऱ्या उघडणार अशा आशेने सभासद बसले असता, ह्या कार्याला पैशाची फारशी गरज नाही असेच यजमानांच्या वतीने सांगण्यात आले! त्या रात्री ती मंडळी किती हिरमुसली असतील याची आम्हांला कल्पना करता येते. पुढे सातव्या परंपरेने ठरवले की प्रत्येक गटाने स्वतःच्या खर्चाचा भार स्वतः उचलावा, बाहेरची देणगी घेऊ नये.

नावाचीही तीच कथा. १९४० नंतरच्या काही वर्षांत विल्सन स्वतःच वर्तमानपत्रांतून नाव व छायाचित्र देत फिरले. हेतू उत्तम होता. कुणा बुडत्याला वाट सापडावी. पण प्रसिद्धी हीदेखील एक धुंदी आहे आणि आपण पुन्हा तिच्याच अधीन झालो आहोत, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले. १९५४ साली येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी त्यांनी नाकारली. त्यांचे पूर्ण नाव वृत्तपत्रांतून मोकळेपणाने छापून आले ते १९७१ साली, त्यांच्या निधनानंतर.

त्यांच्यापुढे एक जुने उदाहरणही होते. १८४० साली बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एकत्र येऊन वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ काढली. काही वर्षांतच लाखोंनी शपथा घेतल्या. जाहीर व्याख्याने, मिरवणुका, गाजलेले वक्ते. मग दारूबंदीचे व इतर वाद शिरले, आणि दशक सरण्यापूर्वी ती जवळपास नाहीशी झाली. म्हणून दहावी परंपरा सांगते की बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर ह्या बंधुतेचे मत नसावे. दारूबंदीवरसुद्धा नाही! आम्हांला हे प्रथम भ्याडपणाचे वाटले होते. ज्याला दारूने जाळले, त्याने दारूविरुद्ध बोलू नये? परंतु बैठकीला येणारा बंदीच्या बाजूचा आहे की विरुद्ध, हे विचारले जाऊ लागले, तर दारात उभा असलेला एखादा थरथरता माणूस परत फिरेल. तिसऱ्या परंपरेनुसार प्रवेशाला अट एकच: पिणे थांबवण्याची इच्छा.

कॅथॉलिक वाचकांना येथे थोडे अभिमानाचेही स्थान आहे, पण ते जपून सांगावेसे वाटते. ही मंडळी मुळात ऑक्सफर्ड ग्रुप ह्या प्रॉटेस्टंट वळणाच्या चळवळीत होती, आणि क्लीव्हलंडच्या कॅथॉलिक सभासदांना तिथे जाणे अवघड होते. १९३९ साली तेथील गट वेगळा झाला, त्याचे हेही एक कारण. त्याच वर्षी अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी, मद्यपी म्हटला की दारे बंद होत त्या काळात, अशा रुग्णांना खाटा मिळवून दिल्या. पुढल्या वर्षी सेंट लुईसचे येशूसंघीय धर्मगुरू एडवर्ड डाउलिंग विल्सन यांना शोधत आले. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेशी बारा पायऱ्यांचे साम्य पाहून ते थक्क झाले होते. विल्सन यांना त्या साधनेची गंधवार्ताही नव्हती. ह्या दोघांनीही बंधुतेला आपल्या छत्राखाली घेण्याचा प्रयत्न केला नाही, हेच त्यांचे मोठेपण आम्ही मानतो. मुंबईत १९५७ च्या सुमारास हा विचार पोहोचला आणि पुढे अनेक चर्चच्या आवारांतून त्याला खोली मिळाली. खोलीच, छत्र नव्हे.

तेव्हा आमच्या प्रश्नाकडे येऊ. कायदे व आज्ञा साधारणतः दुष्प्रवृत्तीला बांध घालतात. ह्या परंपरा मात्र दानशूरपणा, नेतृत्व, प्रचाराचा उत्साह, आदर्श होण्याची हौस अशा सत्प्रवृत्तींना बांध घालतात. ज्याने आपली इच्छाशक्ती सर्वांत निकराच्या क्षणी फसवी ठरलेली पाहिली आहे, त्यालाच हे सुचू शकते. सज्जन माणूस आपल्या सद्हेतूवर विसंबतो. व्यसनी माणसाला ती सोय उरलेली नसते. दर वेळी प्यायला बसताना त्याच्यापाशी एक सद्हेतू होताच.

परंतु एक आक्षेप आम्हांला टाळता येत नाही. तो आमचा नव्हे, त्याच्या पत्नीचा आहे. नकार ऐकून आम्ही उठलो तेव्हा त्या अंगणापर्यंत पोचवायला आल्या. “ह्यांना रस्त्यातून उचलून आणताना साऱ्या गावाने पाहिले. मुलांना शाळेत बापाच्या नावाने चिडवत. तेव्हा नाव सगळ्यांच्या तोंडी होते. आता उभे राहिले, तर नाव नको?” असे त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत वळल्या.

ह्याला परंपरांच्या आधारे उत्तर देता येते. अनामिकता वृत्तपत्रे, नभोवाणी, चित्रपट अशा जाहीर माध्यमांपुरती आहे. घरापासून लपण्यासाठी ती नाही. उलट आठव्या व नवव्या पायरीत, ज्यांना ज्यांना दुखावले त्यांची यादी करून, त्यांना अधिक इजा होणार नसेल तर, प्रत्यक्ष भरपाई करायची असते. तिथे नावे घ्यावीच लागतात, आणि पहिले नाव बहुधा पत्नीचेच असते. हे सारे खरे. तरीही त्या बाईंच्या दुःखाला ते पुरत नाही. जी लाज तिने अनेक वर्षे चारचौघांत सोसली, तिची भरपाईही चारचौघांतच व्हावी असे तिला वाटले, तर त्यात गैर काय? पतीची नम्रता पत्नीच्या वाट्याचा मानही परस्पर सोडून देते काय? आम्ही अनेकदा विचार केला. आमचे दोन्हीकडे समाधान होत नाही.

त्या वर्षीची स्मरणिका छापली गेली. तीत देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने आहेत, आणि आमचीही आहेत. चर्चच्या भिंतीवरील संगमरवरी पाट्यांत आणखी दोन पाट्यांची भर पडली. बुधवारच्या मंडळींना शाळेची खोली फुकट वापरू द्यावी असा ठरावही आम्ही त्याच सुमारास केला होता. त्यांनी आभार मानले आणि भाडे देणे चालू ठेवले. धर्मग्रामाच्या जमाखर्चाच्या वहीत दर महिन्याला ती रक्कम चढते. समोरच्या रकान्यात कोणाचे नाव लिहावे हे कारकुनाने एकदा आम्हांला विचारले होते. आता तो तिथे नुसते ‘बुधवार’ असे लिहितो.