मनीऑर्डरीचं दुसरं टोक

गिरणगावाच्या आठवणी निघाल्या की गाडी हमखास १८ जानेवारी १९८२ वर येऊन थांबते. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगारांचा संप, मग गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले टॉवर आणि मॉल. यातलं खोटं काहीच नाही, पण हा सगळा हिशोब मुंबईच्या बाजूचा आहे. ताडदेवला कावसजी दावर यांच्या गिरणीचा भोंगा १८५६ मध्ये वाजला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं रत्नागिरी-साताऱ्याहून मुंबईत आला तो बहुतेक एकटा पुरुष. बायको, पोरं, म्हातारी माणसं गावीच राहिली. माझं म्हणणं असं की गिरण्या त्या गावच्या घरांनीही चालवल्या.

गिरणीने पगार दिला तो हजेरीचा. कामगाराला लहानाचं मोठं करणं, दमेकरी होऊन परतला की त्याचं करणं, म्हातारपणी त्याला दोन घास घालणं, हे सगळं गावच्या वरकस जमिनीच्या तुकड्यावर आणि त्यात राबणाऱ्या बाईवर पडलं. संप लांबला की कामगार गाव गाठायचा. संपाचे महिने काही प्रमाणात तिने लावलेल्या भातावरही निघाले. कामगार चळवळीच्या इतिहासात त्या भाताला फारशी जागा नाही. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला जेमतेम दोन-चार ओळींची जागा. कित्येकींचा संसार वर्षानुवर्षं तेवढ्या जागेत चालला. वाचता येत नसेल तर तो मजकूर आधी पोस्टमनला कळायचा, मग तिला.

इकडे मुंबईत एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस जण. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि पाळीप्रमाणे झोप. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. कामगाराचा पगार होईपर्यंत तिने वाण्याकडून उधारीवर धान्य उचलायचं आणि व्याज भरायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेलं, तोवर त्यांना कुणी कष्टकरी म्हणून धरलंच नव्हतं.

गावकी खोलीत आली, तशी जातही खात्यात आली. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा, पण तिथे दलितांना मज्जाव. कारण धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. शहरात आलं की जात सुटते, असं म्हणणाऱ्यांनी हा धोटा एकदा हातात घेऊन पाहावा.

गिरण्या गेल्या, पण चाकरी करायला बाहेर पडण्याची रीत राहिली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, राज्यात ९२९. हा आकडा मुलींच्या कौतुकाचा नाही. बराचसा तो मुंबई-पुण्याला गेलेल्या पुरुषांचा आहे. गणपतीला हेच चाकरमानी आले की बंद घरांची कुलपं निघतात, आणि मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून दुरुस्त केलेल्या देवळाचं कौतुक होतं.

स्मारकाचा विषय निघाला की यंत्रं आठवतात. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योग संग्रहालयाचं घाटलं आहे, ते हवंच. पण तिथे साच्याशेजारी मनीऑर्डरच्या पावत्या आणि खानावळीच्या उधारीच्या वह्याही मांडल्या पाहिजेत. गिरणी कामगारांना सोडतीने मिळणाऱ्या म्हाडाच्या घरासाठीही गिरणीतल्या नोकरीचाच पुरावा लागतो. गावी तीस पावसाळे लावणी केलेल्या बाईपाशी तसला कागद कुठला असणार? सोडतीत तिचं नाव येतं ते नवरा गेल्यानंतर, वारस म्हणून.