तावडीत सापडलेला माणूस

दत्तजयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्राचं पारायण चालू असताना यंदा मन सारखं भलतीकडे जात होतं. निवृत्तीनंतर सौ.सह अंदमानला जाऊन आलो, त्याचा हा परिणाम.

आपल्या रत्नागिरीकरांना सेल्युलर जेल म्हटलं की सावरकर आठवतात. १९११ ते १९२१ ते अंदमानात होते, पुढे काही काळ इथल्या तुरुंगात. कोलू, दंडाबेडी हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याच भिंतींआड नंतर काय घडलं, ते मला तिथं गेल्यावरच कळलं.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. इंग्रज गेले, पण कोठड्या रिकाम्या राहिल्या नाहीत. हेरगिरीच्या संशयावरून आपलीच माणसं आत डांबली गेली. छळ असह्य झाला की माणूस कबुली देई, आणखी चार नावं घेई; मग ती चौघंही आत. खरे इंग्रज हेर मात्र पाणबुडीतून येऊन जंगलात उतरत होते! इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तिथले अध्यक्ष डॉ. दिवाणसिंग यांचा १४ जानेवारी १९४४ रोजी या छळात अंत झाला. ३० जानेवारीला हंफ्रेगंज इथं ४४ जणांना गोळ्या घातल्या.

मालक बदलला, कोठडी तीच. कोणी म्हणतील, युद्धात असं चालायचंच. मला ते पटत नाही. हात बांधलेल्या माणसाशी युद्ध कसलं? तिथं उरते ती फक्त आपली परीक्षा.

दत्तभक्त सहस्रार्जुनाची कथा आपल्याला ठाऊक आहे. महाराजांच्या वरानं त्याला हजार बाहू मिळाले. नर्मदाकाठी त्यानं रावणाला पकडून माहिष्मतीला बंदीत ठेवलं. पण पुलस्त्य ऋषींनी शब्द टाकताच सन्मानानं सोडलं, त्याच्याशी मैत्री केली. पुढे त्याच राजानं जमदग्नींची गाय बळानं नेली आणि आपल्या परशुरामांच्या हातून ते हजार हात तुटले. वर तोच, भक्ती तीच. समोरचा दुबळा दिसला तेव्हा हात कसे चालले, एवढाच फरक.

हे लिहिताना माझंच एक आठवतं. बँकेत असताना एका थकबाकीदार खलाशाला साहेबांनी बोलावून घेतलं. ‘उभाच ठेवा त्याला, चार लोकांना दिसू दे,’ म्हणाले. निरोप मी दिला. बाकडं रिकामं होतं, तरी तो दोन तास काउंटरपाशी मान खाली घालून उभा होता. मी व्हाउचर टिकमार्क करत बसलो. वरून सांगितलंय, आपण काय करणार, अशी मनाची समजूत घातली. कुठं तो छळ आणि कुठं हे, मान्य. पण अंदमानात कोठडीची किल्ली फिरवणाराही हेच म्हणाला असेल ना?

त्याला ‘बसा’ म्हणायला मला काही खर्च नव्हता. ताळेबंदात ही नोंद कुठंच नाही, पण महाराजांच्या वहीत असणार.

आपल्या तावडीत रोज कोणी ना कोणी असतंच. घरची मोलकरीण, दारात आलेला याचक, अंथरुणाला खिळलेलं माणूस. पादुकांवर डोकं ठेवताना एवढंच मागतो: हात द्याल तेवढे द्या, पण कोणी हाती सापडला की ते आवरायची बुद्धीही द्या.

श्री गुरुदेव दत्त.