मागच्याने दम कधी घ्यायचा?

इटलीच्या उत्तरेला, कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून ७५४ मीटर उंचीवर गिझालोच्या मरियामातेचे छोटेसे चॅपेल आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून जाहीर केले. आत नामवंत शर्यतपटूंच्या सायकली आणि जर्सी मांडलेल्या आहेत. पण येथे केवळ शर्यतपटूच येतात असे नाही. सायकल क्लबांचे साधे सभासदही खालच्या बेलाजिओ गावातून गटागटाने हा घाट चढतात आणि चॅपेलपाशी मागच्यांची वाट पाहत थांबतात.

या वाट पाहण्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जो पुढे जाऊ शकतो, त्याने मागे पडलेल्यासाठी थांबलेच पाहिजे का?

सपाट रस्त्यावर हा प्रश्न फारसा उठत नाही. तेथे पुढचा सायकलस्वार वारा अंगावर घेतो आणि त्याच्या पाठोपाठ चालवणाऱ्याचे बरेच श्रम वाचतात. आळीपाळीने पुढे राहिले की सर्वांचाच फायदा होतो. घाट लागला की वेग मंदावतो आणि पुढच्याचा हा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. स्वतःचे आणि सायकलचे वजन प्रत्येकाला आपल्याच पायांनी वर न्यावे लागते. म्हणजे सपाटीवर सोबत फायद्याची असते. चढावर तो फायदा संपतो, आणि तेथेच सोबतीची परीक्षा होते.

कुणी म्हणेल, ज्याने वर्षभर सराव केला, त्याला रेंगाळायला लावणे हाही अन्याय नव्हे का? या आक्षेपात तथ्य आहे. आपल्या बळावर पुढे जाण्यात पाप नाही. शर्यतीत कुणी थांबावे अशी अपेक्षाही नसते. परंतु सहल म्हणजे शर्यत नव्हे. ‘आपण सगळे मिळून जाऊ’ असे म्हणून आपण एखाद्याला बरोबर घेतो, तेव्हा तो त्याला दिलेला शब्द असतो. त्या शब्दाच्या भरवशावर तो अनोळखी डोंगरात आलेला असतो. म्हणून त्याच्यासाठी थांबणे हा उपकार नव्हे, ते आपले देणे आहे. उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात याकोब आपल्या भावाला, एसावाला, पुढे जायला सांगतो आणि स्वतः लहान मुलांच्या व कळपातल्या पिलांच्या चालीने येण्याचे ठरवतो. एकच दिवस जास्त दामटले तर ती दगावतील, हे तो जाणतो.

पण थांबणे म्हणजे नेमके काय? घाटमाथ्यावर अनेकदा असे घडते. पुढचे चौघे-पाच जण वर पोहोचतात, पाणी पितात, फोटो काढतात, वीस मिनिटे विसावतात. शेवटचा धापा टाकत येतो. ‘आला बाबा एकदाचा! चला, निघू या,’ म्हणत सगळे लगेच सायकलवर बसतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. सगळे त्याच्यासाठी थांबले हे खरे, पण त्याच्या पदरात काय पडले? म्हणून जाणते क्लब एखाद्या तगड्या, अनुभवी गड्याला मुद्दाम सर्वांच्या मागे ठेवतात. बलवानाची जागा नेहमी पुढेच असते असे नाही.

मागच्याचीही जबाबदारी असते. आपली कुवत त्याने निघण्यापूर्वीच प्रामाणिकपणे सांगावी, सायकल तपासून आणावी आणि थकल्यावर उगाच ‘मी ठीक आहे’ म्हणू नये. मदत मागण्यात कमीपणा नाही.

गिझालोच्या चॅपेलमध्ये फाबिओ कासार्तेल्ली या कोमोच्या तरुणाची मोडलेली सायकल जपून ठेवली आहे. १९९२चा हा ऑलिंपिक विजेता १८ जुलै १९९५ रोजी टूर द फ्रान्स शर्यतीत पिरेनीज पर्वतातला उतार उतरताना पडून मरण पावला. दुसऱ्या दिवशीचा टप्पाही डोंगराचाच होता. एकमेकांना मागे टाकणे हाच ज्यांचा व्यवसाय, ते सारे शर्यतपटू त्या दिवशी संथपणे एकत्र चालले आणि अंतिम रेषा त्यांनी फाबिओच्या संघातल्या साथीदारांना आधी ओलांडू दिली.

मृत्यूपुढे आपण सारेच थांबतो. माणूस जिवंत असताना, नुसता थकलेला असताना त्याच्यासाठी थांबणे मात्र जड जाते. आजारातून उठलेल्या सुनेला ‘आता बरी आहेस ना?’ म्हणत आपण दुसऱ्याच दिवशी कामाला जुंपतो. नापास झालेला मुलगा कसाबसा पास झाला की लगेच पुढच्या परीक्षेचा विषय काढतो. म्हाताऱ्या आईला मिस्सेला वेळेवर पोहोचवतो, पण वाटेत तिला दोन मिनिटे टेकू देत नाही. घरात आणि धर्मग्रामात कुणी मागून येत असेल, तर तो पोहोचला की नाही एवढेच न पाहता, त्याला दम घेता आला का, हेही विचारू या.